हे कुणी आणलं? एका विषाणूचा आणि एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/
शिक्रापुरातून चार वाटा फुटतात. एक वाघोलीवरून पुण्याला जाते, दुसरी रांजणगाव-शिरूरवरून नगरला, तिसरी चाकणला आणि चौथी तळेगाव ढमढेरेकडे. अशा वाटांवरच्या गावाला बाहेरून आलेल्या गोष्टींचे नवल नसते. तरीही गेल्या वर्षी आमच्या वस्तीवरील एका घरात तपासणीचा एक कागद आला आणि त्या घराची झोप उडाली. आजचा धागा त्या कागदाविषयी आणि त्यावरून विचारल्या गेलेल्या एका जुन्या प्रश्नाविषयी आहे. विषय लैंगिक आरोग्याचा आहे; मर्यादा राखून, पण आडपडदा न ठेवता लिहिते आहे.

२/
घर आमच्या ओळखीच्या एका काकूंचे. वय चाळिशीच्या पुढे, दोन मुले, लग्नाला वीस वर्षे उलटून गेलेली. मोफत तपासणीच्या शिबिरात त्यांच्या गर्भाशयमुखाचा नमुना घेतला गेला आणि काही दिवसांनी अहवाल आला: ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, पुण्याला दाखवून घ्या, एवढेच त्यांना सांगण्यात आले. घरी सासूबाईंनी विचारले, “हे कुठून आणलंस?” काका काहीच बोलले नाहीत. चार दिवसांनी काकू माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “तू एवढा इतिहास शिकतेस, मग मला एवढंच सांग. हे कुणी आणलं?”

३/
प्रथम विषाणूची ओळख. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. काहींमुळे हातापायांवर चामखिळी येतात, काहींमुळे जननेंद्रियांवर; आणि डझनभर प्रकार कर्करोगास कारण ठरू शकतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा एखाद्या प्रकाराची लागण होतेच. त्यातील बहुसंख्य लागणी एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच निस्तरते. जी लागण वर्षानुवर्षे टिकून राहते, तिच्यातूनच पुढे धोका संभवतो.

४/
तो पसरतो कसा? हा विषाणू रक्तातून फिरत नाही. त्वचेच्या किंवा आतल्या नाजूक अस्तराच्या प्रत्यक्ष घर्षणातून तो एका शरीरावरून दुसऱ्यावर जातो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांतून सर्वांत खालच्या थरातील पेशींपर्यंत पोहोचतो. ताप नाही, वेदना नाही, बहुतेकदा व्रणही नाही. निरोधामुळे धोका बराच कमी होतो; परंतु न झाकल्या जाणाऱ्या त्वचेवरही विषाणू असू शकत असल्याने तो पूर्ण टळत नाही. एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर बसल्याने हा विषाणू असा पसरत नाही.

५/
आणि सर्वांत महत्त्वाचे: तो पुरुषाकडून स्त्रीकडे जातो, तसाच स्त्रीकडून पुरुषाकडेही. शिवाय तो वर्षानुवर्षे इतक्या अल्प प्रमाणात दबून राहू शकतो की तपासणीतही सापडत नाही आणि पुढे कधीतरी पुन्हा दिसू लागतो. म्हणून आजचा अहवाल ‘विषाणू आज येथे आहे’ एवढेच सांगतो. तो केव्हा आला आणि कुणाकडून आला, हे त्या कागदावर नसते. असूही शकत नाही. काकूंच्या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर येथेच संपते. इतिहासाचे मात्र येथून सुरू होते.

६/
कारण ‘हे कुणी आणलं?’ हा प्रश्न विषाणूच्या शोधापेक्षा कितीतरी जुना आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उपदंशाची, म्हणजे लोक ज्याला ‘गरमी’ म्हणत त्या रोगाची, मोठी साथ पसरली. इटलीतील लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणू लागले, तर फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणू लागले. आपल्याकडे सोळाव्या शतकातील भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त त्याची नोंद केली, ती ‘फिरंगरोग’ या नावाने. प्रत्येकाने रोगाला दुसऱ्याचे नाव दिले. आपल्यापैकीही कुणीतरी तो पुढे पोहोचवत असेल, याची नोंद त्या नावांत नाही.

७/
आता आमच्या रस्त्याकडे येऊ. घोडनदीकाठी शिरूर येथे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची छावणी होती आणि शिक्रापूर हे त्या छावणीच्या आणि पुण्याच्या दरम्यानचे गाव. गोऱ्या सैनिकांमधील गुप्तरोग ही तेव्हा सरकारची मोठी चिंता होती. त्यावर उपाय म्हणून १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा आला. त्यांच्या आधारे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी करावयाची, ठरावीक काळाने सक्तीची तपासणी करावयाची आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’ या नावाच्या रुग्णालयात बरे होईपर्यंत अडकवून ठेवावयाचे, अशी व्यवस्था उभी राहिली.

८/
या व्यवस्थेत पुरुषाच्या सक्तीच्या तपासणीची तरतूद नव्हती. नोंदवही स्त्रीची, तपासणी स्त्रीची, कोठडीही स्त्रीची. इंग्लंडमध्ये अशाच कायद्यांविरुद्ध जोसेफिन बटलर यांनी दीर्घ लढा दिला; तेथील कायदे १८८६ मध्ये आणि हिंदुस्थानातील १८६८ चा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. विरोधकांचा एक युक्तिवाद साधाच होता: दोन माणसांत ये-जा करणारा रोग एकालाच कोंडून थांबत नाही. हे रोग जिवाणूंचे होते, आपला विषाणू तेव्हा ज्ञातही नव्हता. तथापि ‘लागण म्हणजे बाई’ हे समीकरण सरकारी कागदावर पक्के झाले ते असे.

९/
याच शतकात, पण फार दूर, आपल्या विषाणूचा पहिला माग लागला. इटलीतील पादुआचे वैद्य दोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी १८४२ मध्ये व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी मांडल्या. त्यांना दिसले की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत आणि विधवांत अधिक आहे, मठातील जोगिणींत मात्र विरळ. स्तनांच्या कर्करोगाचे चित्र याच्या उलट होते. त्या काळच्या निदानाला मर्यादा होत्या, जोगिणींची संख्याही थोडी होती. तरीही एक धागा हाती आला: या रोगाचा संबंध विवाहाशी, म्हणजेच शरीरसंबंधाशी आहे.

१०/
सव्वाशे वर्षांनी मुंबईत याच चित्राचा प्रतिध्वनी उमटला. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. डॉ. दा. जे. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या नोंदींत दिसले की पारशी स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी आणि स्तनांचा कर्करोग अधिक आहे. उशिरा होणारे विवाह, अविवाहित राहणाऱ्यांचे मोठे प्रमाण आणि मोजकी बाळंतपणे ही त्या समाजाची वैशिष्ट्ये. व्हेरोनाच्या जोगिणी आणि मुंबईच्या पारशी स्त्रिया यांच्यात दुसरे काय साम्य असणार?

११/
पण या आकड्यांचा अर्थ लावताना बोट कोठे ठेवले गेले, ते पाहण्यासारखे आहे. कोवळ्या वयातील लग्न, अनेक बाळंतपणे, अस्वच्छता: कारणांची यादी दीर्घकाळ स्त्रीच्या देहापाशी आणि तिच्या सवयींपाशी घोटाळत राहिली. ही कारणे सर्वस्वी खोटी नव्हती. अनेक बाळंतपणांनी धोका वाढतो, हे आजही मान्य आहे. परंतु विवाहात माणसे दोन असतात, आणि यादीत एकच होते.

१२/
दुसऱ्या माणसाकडे लक्ष गेले ते चामखिळींमुळे. १९०७ मध्ये इटलीतील ज्युसेप्पे चिउफो यांनी चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की पेशी वा जिवाणू राहू नयेत. तो स्वतःच्या त्वचेत टोचला आणि तेथे चामखीळ उगवली. म्हणजे कारण विषाणू होते. पुढे १९५४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवले की कोरियाच्या युद्धकाळात परदेशी राहून परतलेल्या सैनिकांच्या घरी बसलेल्या बायकांना काही आठवड्यांतच जननेंद्रियांवर चामखिळी येत आहेत. नवऱ्यांकडे चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला.

१३/
१९७१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. ओरिएल यांनी अशा चामखिळी असलेल्या रुग्णांच्या जोडीदारांचा पद्धतशीर पाठपुरावा केला. सुमारे दोन तृतीयांश जोडीदारांना चामखिळी आल्या. त्या दिसू लागण्यास सरासरी जवळपास तीन महिने लागले, कुणाला तीन आठवडे तर कुणाला आठ महिने. याच दशकात अमेरिकेतील आयर्व्हिंग केसलर यांनी एक वेगळा प्रश्न विचारला: ज्या पुरुषाची पहिली पत्नी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी झाली, त्याच्या दुसऱ्या पत्नीचे काय होते? तिच्यातही धोका अधिक आढळला. पत्नी बदलली होती, पती तोच होता.

१४/
त्या काळी पुष्कळ शास्त्रज्ञांचा संशय नागीण-कुलातील दुसऱ्या एका विषाणूवर, हर्पिसवर होता. जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउजेन मात्र चामखिळीच्या विषाणूंचाच माग काढत राहिले. १९८३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ शोधला, पाठोपाठ एचपीव्ही-१८. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्हेरोनाच्या नोंदींपासून येथवर येण्यास जवळजवळ दीड शतक लागले.

१५/
कारण सापडल्यावर भारतातही विवाहाच्या दुसऱ्या बाजूकडे पाहिले गेले. १९९३ मध्ये दिल्लीतील संशोधकांनी आयुष्यात एकच जोडीदार, म्हणजे पतीच, असलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या पतींचे विवाहापूर्वी वा विवाहाबाहेर संबंध होते, त्या स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी अधिक होता. ‘एकनिष्ठ स्त्रीला हा रोग होतच नाही’ ही समजूत आकड्यांपुढे टिकली नाही.

१६/
त्याच वर्षी पुण्यात दुसऱ्या विषाणूविषयी एक अभ्यास सुरू झाला. एचआयव्ही हा एचपीव्हीहून सर्वस्वी भिन्न विषाणू आहे; तो रक्तातून आणि शरीरद्रवांतून पसरतो. पण घरातील प्रश्न तोच होता. करोनाकाळातील पत्रकार परिषदांमुळे आपणा सर्वांना परिचित झालेले डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांतील ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. बहुतेकींचा आयुष्यातील जोडीदार एकच होता: नवरा. हा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

१७/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इतके वाचून ‘म्हणजे नवरेच दोषी’ असे म्हणावेसे वाटेल. परंतु तसे म्हटले तर आपण बोटाची दिशा तेवढी बदलली, सवय तीच ठेवली. एचपीव्हीविषयी २००८ मध्ये हवाई बेटांवरील २५ जोडप्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषाकडून स्त्रीकडे होणाऱ्या लागणीपेक्षा स्त्रीकडून पुरुषाकडे होणारी लागण अधिक आढळली. विषाणू नातेही पाहत नाही आणि नीतीही. पूर्वीचा एखादा संबंध, तोही फार जुना, कुणाच्याही बाजूने पुरेसा असतो. तो असणे हा गुन्हा नव्हे.

१८/
मग आळ नेहमी स्त्रीवरच का येतो? याचे एक उत्तर इतिहासाच्या पद्धतीतच सापडते. ज्याची नोंद होते, तोच दस्तऐवजात दिसतो. लॉक हॉस्पिटलच्या नोंदवहीत स्त्रिया होत्या, म्हणून रोग स्त्रियांचा ठरला. आजही एचपीव्हीची नेहमीची, मान्यताप्राप्त तपासणी आहे ती गर्भाशयमुखाची. पुरुषांसाठी तशी तपासणी उपलब्ध नाही. आजचा हेतू जुन्या कायद्याच्या नेमका उलट आहे: स्त्रीला कोंडण्याचा नव्हे, तिचा जीव वाचवण्याचा. पण परिणाम असा की कागद येतो तो तिच्याच नावाने. काकांच्या नावाचा कागद नाही, याचा अर्थ काकांना लागण नाही असा होत नाही. पुराव्याचा अभाव म्हणजे निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

१९/
तो कागद किती मोलाचा आहे, हेही महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक भव्य अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही तपासणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि काहींत नेहमीचीच आरोग्यसेवा.

२०/
निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. तपासलेल्या स्त्रियांपैकी सुमारे दहा टक्के पॉझिटिव्ह आल्या. गावोगावच्या साध्या संसारी बायका या, काकूंसारख्याच. या अभ्यासावर टीकाही झाली: तुलनेच्या गटातील स्त्रियांना माहिती मिळाली, तपासणी मात्र मिळाली नाही, हे न्याय्य होते काय? हा प्रश्न रास्त आहे. जगभरच्या स्त्रियांच्या तपासणीचे धोरण ज्या आकड्यांवर उभे राहिले, त्यांत मराठवाड्यातील काही स्त्रियांचे मृत्यूही आहेत, हे विसरता कामा नये.

२१/
आता लस. २००९ मध्ये पुणे आणि बार्शीसह देशातील अनेक केंद्रांवर मुलींना दोन की तीन मात्रा द्याव्यात, याचा अभ्यास सुरू झाला. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पात संमतीच्या प्रक्रियेतील गंभीर उणिवांमुळे वादळ उठले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सर्वच लसीकरण थांबवले. परिणामी हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि वर्षांनंतर दिसले की एका मात्रेचे संरक्षणही जवळजवळ तितकेच भक्कम आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. त्यामागील पुराव्यांत या मुलींचा मोठा वाटा आहे.

२२/
त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लसीला भारतात मान्यता मिळाली. ही लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे, आणि ती मुलींप्रमाणेच मुलांसाठीही मान्य आहे. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून आणि ब्रिटनने २०१९ पासून मुलग्यांनाही शालेय लसीकरणात घेतले. आपल्याकडे मात्र आजही लसीची चर्चा निघते ती मुलीच्या आईपुढे. मर्यादित साधनांत मुलींना प्राधान्य देणे समजण्यासारखे आहे. पण ‘ही मुलींची लस’ असे आपण सहज म्हणून जातो, तेव्हा जुन्या नोंदवहीचेच एक पान पुन्हा उघडत असतो.

२३/
काकूंना मी हे सर्व सांगितले नाही. स्वयंपाकघरात बसून एवढेच म्हटले, “काकू, हे कुणी आणलं ते कागदावरून कळत नाही. डॉक्टरांनाही नाही कळत. काकांनी दिलं असेल, लग्नानंतर लगेच असेल, पंधरा वर्षांपूर्वी असेल. पण पुढे काय करायचं ते कळतं.” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हे तू त्यांच्यासमोर सांगशील?” संध्याकाळी काकांसमोर आणि सासूबाईंसमोर तेच पुन्हा सांगितले. माझा आवाज कापत होता. सासूबाई मध्येच उठून बाहेर गेल्या. काका शेवटपर्यंत बसून राहिले.

२४/
पुढच्या आठवड्यात काका स्वतः काकूंना घेऊन पुण्याला गेले. दुर्बिणीतून तपासणी झाली. काळजीचे काही आढळले नाही, वर्षाने पुन्हा या, असे डॉक्टरांनी सांगितले. ते वर्ष आता भरत आले आहे. सासूबाईंनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही, परंतु मागेही घेतलेला नाही. परवा काकू वाटेत भेटल्या, तेव्हा तारीख ठरल्याचे त्यांनी सांगितले. या वेळी त्यांची धाकटी जाऊही सोबत जाणार आहे, तपासणीसाठी.

धागा समाप्त. शंका अवश्य विचाराव्यात. वैयक्तिक सल्ला मात्र डॉक्टरांकडूनच घ्यावा. आणि एक विनंती: स्वतःचा वा घरातील कुणाचाही अहवाल कृपया येथे जाहीर टाकू नये.